निवृत्तीनंतर मैत्रिणींसोबत अंदमान : नऊ रात्री, तीन बेटं, घाई नाही

एजंटाने पाठवलेला कार्यक्रम आमच्या भाऊसाहेबांनी लाल पेनाने तपासला. भाऊसाहेब म्हणजे आमची मैत्रीणच. तहसील कचेरीत उभी नोकरी काढली म्हणून तिला हे नाव पडलं. कागदावर पाच रात्री, सहा दिवस आणि अठरा ठिकाणं होती. त्यातल्या एका दिवशी पहाटे तीनला निघून संध्याकाळी परत. तिने समासात शेरा मारला, "सहल आहे की निवडणुकीची ड्युटी? नामंजूर."

आम्ही सहा जणी, साताऱ्याच्या, सगळ्या साठीपुढच्या. भाऊसाहेब, शाळेतल्या बाई, सिव्हिलमधली सिस्टर, टेलिफोन एक्स्चेंजमधली एक, शिवणकाम शिकवणारी एक आणि बँकेतली मी. एजंटाचा कागद बाजूला ठेवून आम्ही स्वतः आखणी केली, आणि पहिली ओळ लिहिली : दिवसाला एकच गोष्ट. दुसरी सुचली तर ती दुसऱ्या दिवशी. खाली जे लिहिते आहे ते सगळं याच एका ओळीतून निघालेलं आहे. ज्यांना पाच दिवसांत अंदमान उरकायचंय त्यांच्या हे कामाचं नाही.

आधी भिशी, मग तिकीट

पैशाचं सुरुवातीलाच ठरवा. पन्नास वर्षांची मैत्री हॉटेलच्या बिलावर कुरकुरताना मी पाहिली आहे. आमची भिशी जुनीच होती. सहलीसाठी दरमहा तीन हजारांची वेगळी भिशी लावली आणि ती कुणीच उचलायची नाही असं ठरवलं. पैसे थेट आरडीत. वीस महिन्यांत माणशी साठ हजार जमले, त्यामुळे निघताना कुणालाही मुलाकडे किंवा नवऱ्याकडे हात पसरावा लागला नाही.

सहलीत एकच सामाईक पाकीट ठेवा. गाडी, बोट, जेवण, चहा, टिप, सगळं त्यातून. साडी-मोत्यांची खरेदी आणि पाण्यातले खेळ ज्याचे त्याने. पाकीट भाऊसाहेबांकडे होतं आणि रोज रात्री झोपण्याआधी ती हिशेब वाचून दाखवायची. दोन मिनिटांचं काम, पण त्यामुळे कुणाच्या मनात काही साचलं नाही.

खोल्यांचं गणितही आधीच करा. घोरणारी कोण, पहाटे चारला उठून आंघोळ करणारी कोण, एसी न सोसणारी कोण. आम्ही दोघी-दोघींच्या तीन खोल्या घेतल्या आणि बेट बदललं की जोडी बदलायची असा नियम केला. नाहीतर एकीलाच नऊ रात्री इंजिन ऐकत पडावं लागलं असतं. सहा ही संख्याही सोयीची आहे : तीन खोल्या आणि एक मोठी गाडी. आठ झाल्या की दोन गाड्या होतात, आणि दोन गाड्या झाल्या की दोन गट पडतात.

महिना

जानेवारी ते मार्च. पाऊस जवळजवळ नाही, समुद्र शांत, बोटी वेळेवर. एप्रिलही चालतो, पण उकाडा वाढतो. मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याआधी तिथं पोचतो. सप्टेंबरपर्यंत बोटी हलतात, कधी रद्दही होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथं पावसाच्या सरी असतात. नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा मात्र टाळाच. दर चढलेले असतात आणि राधानगरच्या किनाऱ्यावर जत्रा.

पेन्शनर मंडळींसाठी एक सूचना. नोव्हेंबरात निघणार असाल तर हयातीचा दाखला देऊनच निघा. मोबाइलवरून डिजिटल दाखला देता येतो हे खरं, पण बेटावर रेंज शोधत चेहरा स्कॅन करण्याचा उद्योग सुट्टीत कशाला?

मार्ग आणि बुकिंगचा क्रम

नावांचा घोळ आधी मिटवते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. गाडीवाले, बोटवाले अजून जुनीच नावं घेतात, तिकिटांवर दोन्ही दिसतात. गोंधळू नका, गाव तेच.

पुण्याहून किंवा मुंबईहून चेन्नई, बंगळूर किंवा कोलकाता गाठून पुढचं विमान. चेन्नईहून सव्वादोन तास लागतात. जोडविमान पहाटेचं असेल तर रात्रभर विमानतळाच्या खुर्चीत बसू नका. एक रात्र चेन्नईत झोपा. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला तीन दिवस लागतात, आणि आमच्या गुडघ्यांना जहाजाचे जिने नको होते. गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर, तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. आमच्या बाईंना आधी लाज वाटली. चेन्नईच्या विमानतळावर दहा मिनिटं चालल्यावर लाज गेली.

बुकिंगचा क्रम असा : आधी विमान, मग बेटांदरम्यानच्या बोटी, मग हॉटेल. बरेच जण हॉटेल आधी घेतात आणि बोट दुपारची मिळाली की अर्धा दिवस जेट्टीवर काढतात. बोटीच्या तिकिटावरचं नाव आधारकार्डावर आहे तसंच हवं, आणि मूळ कार्ड जवळ हवं. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, स्वराज किंवा शहीद यांसाठी वेगळा परवाना लागत नाही. बरोबरची मैत्रीण परदेशी पासपोर्टवाली असेल तर मात्र तिचे नियम वेगळे आहेत, ते निघण्याआधी विचारून घ्या.

आमचा आराखडा : पहिल्या तीन रात्री पोर्ट ब्लेअर, मग तीन स्वराज, दोन शहीद, आणि शेवटची एक पुन्हा पोर्ट ब्लेअर. या शेवटच्या रात्रीवर पाणी सोडू नका. हवा बिघडली आणि बोट रद्द झाली तर विमान चुकतं, आणि समुद्र कुणाचं तिकीट बघत नाही.

हॉटेलला फोन करून चारच गोष्टी विचारा : तळमजल्यावर खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, पलंग वेगळे आहेत का, आणि खोलीत किटली आहे का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तिथं पहाटे साडेपाचला उजाडतं आणि हॉटेलचं स्वयंपाकघर सातला उघडतं.

सिस्टरची पिशवी

निघण्याआधी पंधरा दिवस सिस्टरने सगळ्यांना आपापल्या डॉक्टरकडे पिटाळलं. बीपी, साखर, एकदा तपासणी. रोजची औषधं दीडपट घ्यायची, ती हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नाही. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो. इन्सुलिन असेल तर तेही हातातच.

मोठं सरकारी रुग्णालय फक्त पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. स्वराज आणि शहीद बेटांवर प्राथमिक उपचार होतात. गंभीर काही झालं तर समुद्र ओलांडून यावं लागतं. म्हणून ज्याचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, त्याने सहा महिने थांबावं.

बोट लागण्यावर आपल्याकडे सर्रास जी गोळी घेतात, तिने झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. काचबिंदू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नवऱ्यांना नेणार असाल आणि कुणाची प्रोस्टेट वाढलेली असेल, तर त्यांनीही नाही. लघवी अडकू शकते. आम्ही साताऱ्याहून आलेपाक नेला होता. निम्म्या जणींचं त्यावर भागलं.

पहिले तीन दिवस

पोचलेल्या दिवशी काही करू नका. जेवा, झोपा, संध्याकाळी किनाऱ्यावर एक फेरी मारा.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. मराठी माणूस इथं येतो तो बहुतेकदा याच्यासाठीच. सकाळी ऊन चढायच्या आत जा. बंद कधी असतं ते आधी विचारून ठेवा. बांधकाम १९०६ मध्ये पुरं झालं. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात इमारती होत्या, आता तीनच उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेत रुग्णालय उभं आहे. हे ऐकून सिस्टर म्हणाली, "चला, निदान वॉर्ड तरी झाले."

स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथं होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. जिना चढाचा आहे, पण मध्ये थांबत चढता येतो. आमच्या बाईंना कसंही करून वर जायचं होतं. तिसऱ्या दमात त्या पोचल्या.

वर गेलात की कोठडीच्या आतल्या फोटोआधी दाराची कडी बघा. ती दाराला नाही, बाहेरच्या भिंतीत लांब खोदलेल्या कोनाड्यात आहे. बाई आत उभ्या राहिल्या, गजांतून हात बाहेर काढला आणि कडीपर्यंत पोचतो का बघत राहिल्या. बोटं हवेतच राहिली. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाई, खाली येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. खाली तेलाचा कोलू आहे, फाशीघर आहे. या एका जागेला अख्खी सकाळ द्या आणि दुपारी झोपा. संध्याकाळी तिथंच ध्वनिप्रकाशाचा खेळ असतो. हिंदी खेळाची तिकिटं लवकर संपतात, सकाळीच चौकशी करा. बाकं उघड्यावर आहेत, डासांचं मलम लावून बसा.

तिसऱ्या दिवशी रॉस. अ‍ॅबरडीन जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. बुधवारी बंद. इंग्रजांची राजधानी इथं होती. आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी धरून ठेवलंय आणि हरणं हाताशी येतात. चढ आहे, पण बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. पैसे वाचवू नका, गाडीच घ्या.

घड्याळ

साताऱ्याच्या मानाने पोर्ट ब्लेअर सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे, आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे सूर्य तिथं सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास, फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत. "संध्याकाळी सहाला समुद्रावर जाऊ" हा आपला हिशेब तिथं अंधारात नेतो. सगळा दिवस एक-सव्वा तासाने अलीकडे ओढा : सहाला चहा, बाराला जेवण, दीडला झोप, साडेतीनला किनारा.

बोट

पोर्ट ब्लेअर ते स्वराज खासगी वेगवान बोटीने दीड ते दोन तास, सरकारी बोटीने जास्त. सरकारी स्वस्त आहे, पण तिकिटाची धावपळ साठीनंतर नको. सकाळची पहिली बोट घ्या, समुद्र तेव्हा सहसा शांत असतो. बंद एसी बोटीत मधल्या किंवा मागच्या रांगेत बसा. पुढे धक्के जास्त लागतात. मोबाइलमध्ये डोकं घालू नका. लांब पाणी आणि आकाश मिळतं त्या रेषेकडे बघत राहा. पोट रिकामं नको, तुडुंबही नको.

आमची टेलिफोनवाली हे सगळं ऐकून पहिल्याच खुर्चीवर जाऊन बसली, पोटात तीन इडल्या आणि वडा. पाऊण तासात वडा परत आला. उरलेला प्रवास ती मागच्या रांगेत सिस्टरच्या खांद्यावर.

स्वराज द्वीप

तीन रात्री, त्यातल्या दोन संध्याकाळी राधानगरला द्या. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्यास्त इथंच. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं होतं, ते अजून प्रत्येक रिक्षावाला ऐकवतो. पण ऐकून घ्यावं असाच तो आहे. वाळू पिठीसारखी, मागे उंच रान, आणि पाणी लांबपर्यंत उथळ.

पाण्यात काय घालायचं यावर आमच्यात आठवडाभर चर्चा झाली होती. उत्तर सोपं आहे. साडी नाही, सुती पंजाबी ड्रेसही नाही. ओला झाला की दगडासारखा ओढतो. लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट, पटकन वाळणाऱ्या कापडाचा. आमच्या शिवणवालीने सगळ्यांना एकाच कापडाचे निळे कुर्ते शिवले होते, मांडीपर्यंत, बाजूला चीर. गर्दीत एकमेकींना शोधायलाही बरे पडले. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल. खाडी-किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तर ती गमतीने लावलेली नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं आहेत. जीवरक्षक सांगेल तेवढ्याच पट्ट्यात उतरा.

उरलेला एक दिवस एलिफंट बीचला. स्पीडबोटीने वीस मिनिटं. रानातून पायवाटही आहे, पण चिखल आणि मुळ्या, नको. इथं लाइफ जॅकेट घालून, रबरी टायर धरून पाण्यात तोंड घालता येतं आणि माणूस टायर ओढत नेतो. पोहता यायची गरज नाही. टेलिफोनवाली आणि मी गेलो. खाली निळ्या-पिवळ्या माशांचा थवा माझ्या हाताखालून वळला आणि मी ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं, तरी पुन्हा तोंड घातलं. स्कूबासाठी आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. त्यात खरं लिहा. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल आणि "काही होत नाही आंटी" म्हणून कुणी घ्यायला तयार असेल, तर तिथून उठा. बाकीच्यांसाठी काचेच्या तळाची बोट आहे.

जेवण : मासे खाणाऱ्यांची चंगळ. शाकाहारींना डाळ-भात, डोसा, बंगाली पद्धतीची भाजी मिळते, पण भाजीपाला बराचसा जहाजाने येतो, म्हणून दर चढे. मेतकूट, चटण्या आणि दशम्या घरून नेल्यात तर कुणी हसणार नाही. एटीएम मोजकी आहेत आणि रेंज गेली की मोबाइलवरचे पैसेही अडतात. रोख जवळ ठेवा. संध्याकाळी वाळूत थेट बसू नका, बारीक माश्या चावतात आणि खाज आठवडाभर पुरते. खुर्ची मागून घ्या.

बाराटांग का नाही

एजंट बाराटांग बेटाचा आग्रह करतील. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, सगळं खरं आहे. पण त्यासाठी मध्यरात्री उठून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, मग गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. वाटेत थांबायला बंदी आहे, म्हणजे लघवीलाही. पुढे बोट, मग गुहेपर्यंत सव्वा-दीड किलोमीटर चाल, आणि हेच सगळं परत. शिवाय त्या रस्त्यावर पर्यटक जारवा बघायला मिळतील या आशेने काचेला नाक लावून बसतात. फोटो काढणं गुन्हा आहे, तरी मान वळतेच. आम्हाला ते नको वाटलं. तुमच्या पाठी-कमरा धड असतील तर तुम्ही ठरवा.

शहीद द्वीप

आराम हवा तर खरं बेट हे. स्वराजहून बोटीने तासभर. छोटं, बरंचसं सपाट, आणि शेतीचं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथं वसवली गेली. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. टोमॅटो, वांगी, केळी, सुपारी. आम्ही पहिल्या दुपारी काही न ठरवता चालत सुटलो आणि एका अंगणात भोपळ्याच्या वेलाखाली थांबलो. तिथल्या आजींना मराठी येईना, आम्हाला बंगाली. शिवणवालीने वेलाचं कोवळं पान हातात घेऊन "याची भाजी?" असं खुणेनं विचारलं. आजींनी मान डोलावली आणि हाताने मोहरी वाटून दाखवली.

सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूरला उथळ पाणी. नैसर्गिक दगडी कमान बघायची तर ओहोटी लागते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित इथं चालत नाही. हॉटेलात वेळ विचारा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं. वाट मात्र धारदार, निसरड्या मेलेल्या पोवळ्यांवरून आहे. काठी घ्या, वाटाड्या घ्या, नाहीतर सुरुवातीलाच बसून खेकडे बघा. बाई आणि भाऊसाहेब बसल्या. त्यांना दगडाच्या फटीत एक लहान ऑक्टोपस दिसला, आम्ही कमानीपर्यंत गेलेल्यांना नाही.

बॅगा भरण्याआधी

हे काम शहीद बेटावरच करा, पोर्ट ब्लेअरला पोचून नाही. सगळ्या पिशव्या पलंगावर उलट्या करा. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळ्यांचे तुकडे, मेलेले असले तरी, उचलून नेणं वन्यजीव कायद्याने अडचणीत आणू शकतं, आणि विमानतळावर तपासणीत ते दिसतात. शंखाची वस्तू हवीच असेल तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि पावती जपून ठेवा.

आमच्यात सगळ्यांनी हात वर केले, आमच्याकडे काही नाही. मग बाईंच्या चष्म्याच्या डबीतून नखाएवढी तीन पोवळी निघाली. नातवाला दाखवायला. भाऊसाहेबांनी लाल पेन काढायच्या आत बाईंनी सँडल चढवली, आणि अंधार पडायला अजून वीस मिनिटं होती म्हणून आम्ही सहाही जणी ती परत ठेवायला गेलो.